मंजूर झालेला नाला जागेवर का दिसत नाही? पालिकेच्या बातमीचा माग काढण्याविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घोडबंदर रस्त्यालगत कासारवडवलीत तुमची सोसायटी आहे आणि तुम्ही तिचे सचिव आहात. सोसायटीच्या मागच्या नाल्याच्या बांधकामाला मंजुरी मिळाल्याची बातमी गेल्या वर्षी पेपरात आली. तिचं कात्रण ग्रुपवर फिरलं, सगळ्यांनी अंगठ्याचे इमोजी टाकले. पावसाळा येऊन गेला, नाला आहे तसाच. आता नव्याने निवडून आलेले नगरसेवक म्हणतात, "काम मंजूर आहे." प्रभाग कार्यालयातले कनिष्ठ अभियंता म्हणतात, "तरतूद नाही." तुम्ही विचारता, यातलं खरं कोण बोलतंय, आणि पालिकेत आपल्याबद्दल काय ठरतंय ते रहिवाशांना वेळेवर कसं कळावं?

दोघंही खरं बोलत असतील. मी एका स्थानिक दैनिकासाठी एकवीस वर्षं ठाणे महापालिकेच्या बातम्या केल्या. आता निवृत्त आहे, आणि तुमच्यासारख्या सचिवांबरोबर बसून विषयपत्रिका वाचते. इतक्या वर्षांत लोकांचा सगळ्यात जास्त घोटाळा ज्या शब्दाने केलेला पाहिला, तो शब्द "मंजूर". बातमीत तो एकदाच येतो, कागदावर मात्र सात-आठ वेळा येतो आणि दर वेळी त्याचा अर्थ वेगळा असतो.

तुमच्या नाल्याचंच घ्या. आधी अभियंता जागेवर जाऊन अंदाजपत्रक करतो. त्याला तांत्रिक मंजुरी लागते, म्हणजे आराखडा आणि दर बरोबर आहेत असं वरच्या अभियंत्याने म्हणायचं. मग प्रशासकीय मंजुरी, म्हणजे हे काम करावं असं तत्त्वतः ठरणं. मग वित्तीय मंजुरी: पैसे कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या कोणत्या सदरातून, जाणार ते. त्यानंतर निविदा, निविदेतल्या दराला नगरसेवकांच्या स्थायी समितीची मंजुरी, मग ठेकेदाराला कार्यादेश, म्हणजे काम सुरू करायचा लेखी आदेश. काम झालं की मोजमाप पुस्तिकेत नोंद, आणि शेवटी देयक. तुमची बातमी बहुधा प्रशासकीय मंजुरीची होती. नगरसेवक त्या ठरावाकडे बोट दाखवतायत, अभियंता लेखाशीर्षाकडे. ती मंजुरी आणि प्रत्यक्ष काम यांच्या मधल्या चार पायऱ्या कोणीच सांगितल्या नाहीत. म्हणून कोणतीही बातमी वाचताना पहिला प्रश्न हाच विचारा: मंजूर झालं म्हणजे नेमकं काय मंजूर झालं?

हे कळायला पालिकेची भाषा थोडी अंगवळणी पडावी लागते. ती अवघड नाही, पण बोलण्यातली नाही. विषयपत्रिकेवर तुमच्या नाल्यासारखा विषय साधारण असा येतो: "प्रभाग क्रमांक अमुक मधील तमुक सोसायटी ते खाडीपर्यंतच्या नाल्याचे आरसीसी बांधकाम करणेकामी येणाऱ्या खर्चास प्रशासकीय व वित्तीय मान्यता मिळणेबाबत." त्याला जोडून दोन-तीन पानांचा गोषवारा असतो. लोक विषय वाचतात आणि गोषवारा सोडून देतात. खरा मजकूर गोषवाऱ्यातच असतो: खर्चाचा आकडा, लेखाशीर्ष, त्या शीर्षात मूळ तरतूद किती होती आणि शिल्लक किती आहे, काम किती महिन्यांचं. शेवटच्या परिच्छेदात "उपलब्ध तरतुदीच्या अधीन राहून" असे शब्द दिसले तर समजा की काम मंजूर होईल आणि पैशासाठी थांबेल. तुमच्या नाल्याच्या गोषवाऱ्यात हे शब्द असणार, असा माझा अंदाज आहे.

"अवलोकनार्थ" म्हणजे सभेने फक्त पाहायचं आहे, निर्णय आधीच झालाय. "कार्योत्तर मंजुरी" म्हणजे काम होऊन गेलं, आता कागद पूर्ण करतायत. असा विषय दिसला की काम कधी झालं आणि तेव्हा एवढी घाई का होती ते जरूर विचारा. "तहकूब" म्हणजे पुढच्या तारखेला. "फेरविचारार्थ परत" म्हणजे प्रशासनाकडे माघारी गेला, आणि त्याने परत यायला मुदत नसते. "दप्तरी दाखल" म्हणजे तो विषय तिथेच संपला. कित्येक सोसायट्या असे दप्तरी दाखल झालेले विषय वर्षानुवर्षं "प्रलंबित" समजून पाठपुरावा करत असतात. त्यांना नव्याने प्रस्ताव द्यायला सांगावं लागतं.

ठाण्यात एक आकडा तुमच्या कानावर नक्की पडेल: पाच-दोन-दोन. महापालिका अधिनियमाच्या अनुसूचीत ठेक्यांचं पाचवं प्रकरण आहे, त्यातला हा नियम. आयुक्तांच्या शिफारशीवरून आणि कारणं नोंदवून, निविदा न मागवता काम देण्याची मुभा त्यात आहे. आपत्तीच्या वेळी ती लागतेच. भर पावसात संरक्षक भिंत कोसळली तर निविदेची वाट बघत बसता येत नाही. पण नियमातली महत्त्वाची अट "कारणे नोंदवून" ही आहे. असा विषय तुमच्या प्रभागात आला तर आक्षेप घ्यायच्या आधी नोंदवलेलं कारण मागून वाचा. कारण पटलं तर पाठिंबा द्या. पटलं नाही तर तुमच्या नगरसेवकाला ते वाक्य दाखवा आणि सभेत विचारायला सांगा.

आता सभेविषयी. पालिका मुख्यालय पाचपाखाडीत, अल्मेडा रोडला. महासभा, म्हणजे सगळ्या नगरसेवकांची सर्वसाधारण सभा, भरते त्या सभागृहाला कै. नरेंद्र बल्लाळांचं नाव आहे, म्हणजे "ठाणेवैभव" या दैनिकाच्या संस्थापक-संपादकांचं. पालिकेच्या सभागृहाला पत्रकाराचं नाव असणं मला नेहमी मोलाचं वाटत आलंय. सर्वसाधारण सभा कायद्याने नागरिकांना खुली असते, महिन्यातून किमान एकदा घ्यावी लागते, आणि तिची सूचना सात पूर्ण दिवस आधी निघावी लागते. हे सात दिवस तुमचे आहेत. पत्रकार सभेच्या दुसऱ्या दिवशी लिहितो, तेव्हा ठराव झालेला असतो. ज्याच्या हातात सभेआधी विषयपत्रिका आहे तो नगरसेवकाशी बोलू शकतो. निर्णय झाल्यावर ज्याला बातमी कळते त्याला निवेदन देत फिरावं लागतं. सभेला गणपूर्ती एक तृतीयांशची, म्हणजे १३१ जणांच्या सभागृहात ४४. तेवढे नसले की सभा तहकूब. तुमचा विषय का लांबला याचं उत्तर कधी कधी एवढंच असतं.

एकदा तरी गॅलरीत जाऊन बसा. पहिले दोन-तीन तास लक्षवेधी, प्रश्नोत्तरं, कोणाच्या तरी प्रभागातल्या पाण्यावरून आरडाओरड. पेपरात दुसऱ्या दिवशी हेच येतं. संध्याकाळ झाली, सभासद उठायला लागले, की पालिकेचे सचिव विषय क्रमांक वाचू लागतात आणि पाठोपाठ "मंजूर, मंजूर" ऐकू येतं. अर्ध्या तासात पन्नास विषय गेलेले मी पाहिले आहेत. नवीन असताना मी गोंधळ संपला की निघायचे. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला हाताला धरून परत बसवलं आणि म्हणाले, "बाई, बातमी आता सुरू होतेय." त्या दिवसापासून मी विषयपत्रिका मांडीवर घेऊन प्रत्येक क्रमांकापुढे खूण करायला लागले: विनाचर्चा, दुरुस्तीसह, तहकूब. दुरुस्तीसह मंजूर झालं तर दुरुस्ती काय, हे इतिवृत्त, म्हणजे सभेचा अधिकृत वृत्तांत, आल्याशिवाय कळत नाही, आणि इतिवृत्त पुढच्या सभेत कायम व्हायचं असतं. तोवर "ठराव झाला" या बातमीवर विसंबून कोणतंही पत्र लिहू नका.

ठराव झाल्यावरसुद्धा अधिनियमाच्या कलम ४५१ खाली राज्य शासन तो निलंबित किंवा विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं. मोठ्या आर्थिक किंवा धोरणात्मक ठरावांच्या बाबतीत हे लक्षात असू द्या. नाल्यासाठी त्याची वेळ येत नाही.

तुम्ही विचारलंत की मधल्या काळात कोणाला काहीच का कळत नव्हतं. त्याचं कारण सरळ आहे. २०१७ साली निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत पालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. ठाण्याने हे आधीही पाहिलंय. १ ऑक्टोबर १९८२ ला महापालिका झाली आणि पहिली निवडणूक १९८६ साली. पण तेव्हाचं शहर लहान होतं. २०११ च्या जनगणनेतच ठाण्याची लोकसंख्या १८ लाखांवर गेली होती. एवढ्या शहरात जवळजवळ चार वर्षं प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच होता. महासभा आणि स्थायी समिती या दोघांचेही अधिकार प्रशासकाकडे. निर्णय होत होते, प्रशासकीय ठराव म्हणून नोंदले जात होते, पण त्यावर सभागृहात कोणी उभं राहून "का?" विचारत नव्हतं, त्यामुळे बातमीही होत नव्हती. तुमच्या नाल्याची मंजुरी त्याच काळातली दिसते. म्हणजे तुम्हाला महासभेच्या इतिवृत्तात ती सापडणार नाही. प्रशासकीय ठरावांच्या नोंदवहीत शोधावी लागेल. नव्या नगरसेवकांनाही त्या चार वर्षांतलं सगळं ठाऊक असेल असं धरून चालू नका. त्यांच्यापैकी पुष्कळजण पहिल्यांदा निवडून आलेत. कागद तुम्ही त्यांच्या हातात दिलात तर त्यांचंही काम सोपं होतं.

नगरसेवकांवरून आठवलं. ठाण्यात एका प्रभागात चारजण असतात (३३ प्रभागांपैकी एकच तिघांचा आहे), आणि लोक विचारतात, "आमच्या गल्लीचा कोणता?" अ, ब, क, ड ही अक्षरं आरक्षणासाठी आणि मतदानासाठी आहेत. त्यांनी प्रभागाची वाटणी होत नाही. चौघंही अख्ख्या प्रभागाचे प्रतिनिधी आहेत. पत्र चौघांनाही द्या, एकाच पत्रावर चौघांची नावं लिहून. वेगवेगळी पत्रं दिली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय.

पैशाकडे येते, कारण तुमचा नाला तिथेच अडलाय. पालिकेचा अर्थसंकल्प आयुक्त स्थायी समितीला सादर करतात, तिथून तो महासभेकडे जातो. २०२५-२६ चा अर्थसंकल्प प्रशासकाच्या काळात मांडला गेला, ५ हजार ६४५ कोटींचा. बातमीत एवढा मोठा आकडा आणि चार-पाच ठळक योजना येतात. रहिवाशाच्या उपयोगाचा भाग मात्र आतल्या तक्त्यांत असतो. प्रत्येक लेखाशीर्षापुढे तीन-चार रकाने असतात: मागच्या वर्षी प्रत्यक्ष झालेला खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज, आणि येत्या वर्षाचा अंदाज. नाले बांधकामाच्या शीर्षावर बोट ठेवा आणि आडवं वाचत जा. मूळ अंदाजापेक्षा सुधारित अंदाज निम्म्यावर आला असेल तर वर्षाच्या मध्यात त्या शीर्षातले पैसे दुसरीकडे वळले. शिवाय दायित्व नावाची गोष्ट असते: आधीच्या वर्षांत झालेल्या कामांची द्यायची राहिलेली बिलं. नव्या तरतुदीतून आधी ती जातात. शीर्षात आकडा दिसतोय म्हणून तो तुमच्यासाठी मोकळा आहे असं होत नाही. अभियंत्यांना "तरतूद आहे का?" असं विचारलंत तर "नाही" एवढंच उत्तर येईल. "या शीर्षात दायित्व वजा जाता शिल्लक किती?" असं विचारा. हा प्रश्न ऐकला की समोरचा माणूस फाइल उघडतो, हा माझा अनुभव आहे.

स्थायी समितीवर लक्ष ठेवणं महासभेपेक्षाही उपयोगाचं आहे, जरी तिच्या बातम्या कमी येतात. सोळा सदस्य, दरवर्षी निम्मे निवृत्त होऊन नवे येतात. निविदांचे दर तिथे ठरतात. तुमच्या प्रभागातलं कोणी समितीवर आहे का, एवढं तरी माहीत करून घ्या.

त्याहून जवळ म्हणजे प्रभाग समिती. ठाण्यात अशा नऊ आहेत: नौपाडा-कोपरी, उथळसर, वर्तकनगर, लोकमान्य-सावरकरनगर, वागळे, माजिवडा-मानपाडा, कळवा, मुंब्रा आणि दिवा. कासारवडवली माजिवडा-मानपाड्यात येते. अर्थसंकल्पात तरतूद असली तर पाच लाखांपर्यंतच्या कामांना ही समितीच मान्यता देऊ शकते. चेंबरची झाकणं, पदपथाचे ब्लॉक, गटाराचा तुटलेला तुकडा, असली कामं इथे सुटतात. त्यासाठी मुख्यालयात खेटे घालायची गरज नसते. आणि कलम २९-अ मध्ये एक गोष्ट आहे जी फार थोड्या रहिवाशांना ठाऊक असते: त्या भागात काम करणाऱ्या मान्यताप्राप्त सामाजिक संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी या समितीवर नेमता येतात. त्यांना मत नसतं, पण बोलता येतं, विषय मांडता येतात. सभागृह नवीन आहे, तोवर तुमच्या भागातल्या संस्थांनी आणि सोसायट्यांच्या महासंघाने या जागांबद्दल लेखी विचारणा करावी, असं मी मनापासून सांगते. आतल्या माणसाला कागद आधी दिसतो.

आता एक गोष्ट जी तुमच्या नाल्यालाही लागू होऊ शकते. घोडबंदर पट्ट्यात राहणाऱ्याला ठाण्यातल्या बाकी कुणापेक्षा जास्त कार्यालयं लागतात. येऊरच्या डोंगरातून उतरणारं पाणी वनखात्याच्या हद्दीतून निघतं, सोसायट्यांमधून पालिकेच्या नाल्यात येतं, घोडबंदर रस्त्याखालच्या मोरीतून पलीकडे जातं आणि खाडीला मिळतं. मेट्रो ४ चं काम एमएमआरडीएचं, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचं. मुख्य रस्त्यात सेवा रस्ते विलीन करण्याचं कामही एमएमआरडीएचं. आता मोरी तुंबली म्हणून पाणी तुमच्या आवारात साचत असेल तर पालिकेने तुमच्या मागचा नाला सोन्याचा बांधला तरी उपयोग नाही. पाऊस पडत असताना एकदा रस्त्यापर्यंत चालत जा. पाणी नाल्यात अडतंय की मोरीच्या तोंडाशी, ते बघा, फोटो काढा, फोटोत तारीख-वेळ येऊ द्या. मग तक्रार कोणाकडे करायची ते आपोआप ठरेल. शहरातल्या इतर मोठ्या कामांचंही असंच आहे. अंतर्गत वर्तुळाकार मेट्रो, २९ किलोमीटरची, जिला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली, ती महामेट्रो बांधतेय. ठाणे-बोरिवली बोगदा एमएमआरडीएचा. या कामांच्या बातम्या "ठाण्याच्या बातम्या" म्हणून येतात, पण त्यांचा जाब प्रभाग कार्यालयात विचारून उत्तर मिळणार नाही.

पाण्याच्या मेसेजचा तुम्ही वेगळा उल्लेख केलात, की ग्रुपवर दर आठवड्याला "उद्या पाणी नाही" येतं आणि निम्म्या वेळा पाणी येतं. ठाण्याला स्वतःचं धरण नाही. शहराला रोज मिळणाऱ्या ५८५ दशलक्ष लिटरपैकी २५० पालिकेच्या स्वतःच्या योजनेतून, १३५ एमआयडीसीकडून, ११५ स्टेम या पाणीपुरवठा कंपनीकडून आणि ८५ मुंबई महापालिकेकडून येतं. चार नळ, चार मालक. त्यामुळे शटडाउन कोणाचा, यावर कोणत्या भागात पाणी जाणार ते ठरतं. दिवा, मुंब्रा, कळवा हा भाग मुख्यतः एमआयडीसीच्या पाण्यावर आहे. एमआयडीसीच्या दुरुस्तीचा मेसेज घोडबंदरच्या ग्रुपवर पडला की लोक टँकर मागवतात, आणि पाणी येतं. मेसेज आला की तीनच गोष्टी बघा: शटडाउन कोणत्या यंत्रणेचा, खाली भागांची यादी आहे का, आणि तारखेबरोबर वर्ष लिहिलंय का. वर्ष नसलेला मेसेज जुना असू शकतो. मी स्वतः एकदा असा जुना मेसेज आमच्या इमारतीत पुढे पाठवला आणि एका आजींनी रात्री अकरापर्यंत जागून घरातली भांडी भरली. तेव्हापासून यादी पाहिल्याशिवाय मी काही पुढे पाठवत नाही. दुरुस्तीनंतर एक-दोन दिवस दाब कमी राहतो, ते मात्र सगळ्यांनीच धरून चालावं.

काही बातम्या अशा असतात की त्यात कायद्याने तुमचं म्हणणं ऐकावंच लागतं. त्या मी कधीच चुकू देत नाही. त्या बातमीच्या रूपात येत नाहीत, पेपराच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात जाहीर सूचना म्हणून येतात. विकास आराखड्यात फेरबदल करायचा असेल, म्हणजे उदाहरणार्थ बागेचं आरक्षण बदलून दुसरं काही, तर प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली सूचना निघते आणि हरकतींसाठी एक महिना मिळतो. ठाण्याच्या सुधारित आराखड्याचं प्रारूप ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हा कितीतरी लोकांना आपल्या इमारतीवरून रस्त्याची रेघ गेलीय हे शेजाऱ्याकडून कळलं. झाड तोडायचं असेल तर वृक्ष प्राधिकरणाची नोटीस झाडावर लावावी लागते आणि हरकतीला सात दिवस असतात. सोसायटीच्या सुरक्षारक्षकाला सांगून ठेवा, झाडावर कागद चिकटलेला दिसला की फोटो काढून पाठवायचा. हरकत लिहिताना राग बाजूला ठेवा. सर्व्हे नंबर, आराखड्यातला आरक्षण क्रमांक, आणि बदल झाला तर कोणाचं काय नुकसान, एवढं एका पानात लिहा, पोच घ्या, आणि सुनावणीची तारीख आली की जा. सुनावणीला न गेलेल्या हरकतीचं वजन कमी होतं. शंभर सह्यांच्या एकाच छापील मजकुरापेक्षा वेगवेगळ्या दहा घरांनी लिहिलेल्या दहा हरकती जास्त नीट वाचल्या जातात.

नवी मुंबईतल्या वाचकांसाठी दोन ओळी, कारण तिथूनही असेच प्रश्न येतात. अधिनियम तोच, महासभा आणि स्थायी समितीची रीत तीच. तिथली प्रशासकीय राजवट आणखी लांबली होती, मे २०२० पासून. पाणी मात्र स्वतःचं, मोरबे धरणाचं. पण जमिनीच्या प्रश्नात सिडको आणि एमआयडीसी असतातच, म्हणून तिथे कागद शोधताना "भूखंड कोणाचा?" हा प्रश्न सगळ्यात आधी.

आता कागद मिळवायचे कसे. माहितीचा अधिकार सगळ्यांना माहीत आहे, वापरता थोड्यांना येतो. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत, एकाच विषयाचा, शुल्क १० रुपये. प्रतीला पानामागे २ रुपये. उत्तर ३० दिवसांत. "नाल्याचं काम का झालं नाही?" असं विचारू नका. "का" ही कागदावरची माहिती नसते, तिथेच अर्ज परत येतो. कागदाचं नाव घेऊन मागा: "अमुक नाल्याच्या बांधकामाचे अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरीची प्रत, प्रशासकीय मान्यतेचा ठराव व गोषवारा, निविदा काढली असल्यास तिची सूचना, कार्यादेश." उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, शुल्क २० रुपये. अपिलाला घाबरू नका. पुष्कळ माहिती पहिल्या अपिलाच्या सुनावणीआधीच मिळून जाते.

पण अर्जाआधी करायची एक गोष्ट आहे, आणि या सगळ्या उत्तरातलं हे एवढंच लक्षात ठेवलंत तरी चालेल. नोव्हेंबर २०१८ च्या शासन परिपत्रकानुसार महापालिकांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहण्याची सोय आहे. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. काही वर्षांपूर्वी मी एका निवृत्त बँक कर्मचाऱ्यांबरोबर एका सरकारी कार्यालयात अशीच फाइल बघायला बसले होते. त्यांच्या गल्लीतल्या गटाराचं काम "पूर्ण" दाखवलं होतं आणि गटार तर उघडंच. त्यांनी मोजमाप पुस्तिका मागितली. निळ्या रेघांची, कडा मळलेली, लांबट वही. प्रत्येक पानावर तारीख, कुठून कुठपर्यंत, लांबी, रुंदी, खोली, खाली अभियंत्याची सही. त्यांनी चाळीस वर्षं खतावण्या तपासल्या होत्या, त्यांचं बोट थेट "कुठून कुठपर्यंत" या रकान्यावर गेलं. काम खरोखर झालं होतं, पण शेजारच्या गल्लीत. दोन्ही गल्ल्यांना लोक एकाच नावाने ओळखतात आणि अंदाजपत्रकात फक्त नाव होतं, खूण नव्हती. कोणी पैसे खाल्ले नव्हते. पण त्या गल्लीने तीन पावसाळे उगाच काढले. त्यांनी तिथेच बसून अर्ज लिहिला, या वेळी "अमुक इमारतीच्या फाटकापासून तमुक विजेच्या खांबापर्यंत" असं लिहून. पुढच्या वर्षी गटार झालं.

तेव्हा तुम्ही येत्या सोमवारी जा. बरोबर एकच माणूस घ्या, जमाव नको. ती बातमी ज्या तारखेची आहे तिच्या आधीच्या दोन महिन्यांतले प्रशासकीय ठराव मागा. ठराव सापडला की त्याला जोडलेला गोषवारा उघडा आणि तीन गोष्टी वहीत उतरवून घ्या: ठराव क्रमांक आणि तारीख, लेखाशीर्ष, आणि नाला कुठून कुठपर्यंत. "कुठून कुठपर्यंत" तुमच्या मागच्याच नाल्याशी जुळतंय का, हे घरी येऊन चालून बघा. जुळत असेल तर ठराव क्रमांक घालून चारही नगरसेवकांना एक पत्र द्या, की या शीर्षात दायित्व वजा जाता शिल्लक नसेल तर सुधारित अंदाजात वर्गीकरण करून, म्हणजे दुसऱ्या शीर्षातले पैसे इकडे वळवून, तरतूद करावी. जुळत नसेल तर नाला मंजूर झालेलाच नाही. तसं असलं तर अंदाजपत्रकापासून सुरुवात करावी लागेल, आणि त्यासाठी अभियंत्यांना पाऊस सुरू व्हायच्या आत जागेवर घेऊन या, म्हणजे नाल्याची खोली कोरड्यात मोजता येईल.